मुलाच्या हाती पुस्तक देण्याआधी ते शेवटच्या पानापर्यंत स्वतः वाचा

अकरा वर्षांच्या मुलासाठी वयात येण्याविषयीचे मराठी पुस्तक आणले आहे, मुखपृष्ठावर ‘१० ते १४ वर्षे’ असे छापले आहे, लेखक डॉक्टर आहेत, सुरुवातीची पाने चाळली ती चांगली वाटली, तर आता ते मुलाच्या टेबलावर नुसते ठेवून द्यावे का, असे आपण विचारले आहे. नऊ वर्षांच्या मुलीलाही हेच चालेल का, असेही आपण पुढे लिहिले आहे. आपले पत्र वाचून मी बराच वेळ अस्वस्थ होतो, कारण सात वर्षांपूर्वी मी नेमके हेच केले होते आणि त्याची किंमत माझ्या मुलाने मोजली. मी डॉक्टर नाही, समुपदेशकही नाही. पुढे लिहितो तो एका बापाचा अनुभव आणि त्यानंतर जाणकारांना विचारून मिळवलेली माहिती आहे, ती तेवढ्याच मर्यादेत घ्यावी.

माझा मुलगा तेव्हा बारा वर्षांचा, सातवीत होता. मी आणलेल्या पुस्तकाच्या पूर्वार्धात शरीररचनेची माहिती शांत आणि नेमक्या भाषेत होती. तेवढी तीसेक पाने मी दुकानात उभ्याने वाचली, प्रस्तावनेखाली लिहिलेली वैद्यकीय पदवी पाहिली आणि पैसे दिले. उत्तरार्धात संयमाविषयीचे एक प्रकरण होते, ते मी उघडून पाहिले नाही. झोपेत वीर्य जाणे हे दुर्बलतेचे लक्षण आहे, रक्ताच्या चाळीस थेंबांतून वीर्याचा एक थेंब तयार होतो, ते वाया गेल्यास स्मरणशक्ती क्षीण होते, आणि उपाय म्हणून थंड पाण्याने अंघोळ करावी, कांदा, लसूण व तिखट वर्ज्य करावे, असे त्यात ठामपणे लिहिलेले होते.

त्या वर्षी नाशिकच्या डिसेंबरच्या थंडीत मुलाने गिझर लावणे सोडले. ताटातला कांदा तो बाजूला सारू लागला, मिरचीचा ठेचा त्याने बंद केला, पहाटे उठून स्वतःची चड्डी स्वतः धुऊन वाळत घालू लागला. आम्हा दोघांना वाटले की मुलाला शिस्त लागली. संक्रांतीला घरी आलेल्या नातेवाइकांपुढे मी त्याचे कौतुक केले आणि तो मान खाली घालून उभा राहिला, हे मला आजही स्पष्ट आठवते. वार्षिक परीक्षेत त्याचे गुण घसरले, तेव्हा ‘माझ्या लक्षातच राहत नाही’ एवढेच तो म्हणाला. मे महिन्यात जुन्या वह्या रद्दीत देण्यासाठी काढताना माझ्या पत्नीला गणिताच्या कच्च्या वहीच्या मागच्या पानांवर तारखा आणि त्यांपुढे लहान लहान गोल काढलेले दिसले. त्याने आठ महिने त्या रात्रींचा हिशेब ठेवला होता. मी जवळ बसवून विचारले तेव्हा त्याने मला एकच प्रश्न केला, ‘बाबा, गेलेली स्मरणशक्ती परत येते का?’

ज्या दवाखान्यात आम्ही प्रथम गेलो, तेथे त्याला काहीही न विचारता शक्तिवर्धक औषध लिहून दिले गेले. त्यामुळे आपल्या शरीरातून काहीतरी खरोखरच कमी झाले आहे, ही त्याची समजूत आणखी पक्की झाली. पुढे एका बालरोगतज्ज्ञांनी अर्धा तास देऊन त्याला समजावले की वृषणांमध्ये शुक्रजंतू सतत तयार होत असतात, एक शुक्रजंतू तयार व्हायला साधारण दोन ते अडीच महिने लागतात, न वापरलेले शरीरातच विरून जातात किंवा कधी झोपेत बाहेर पडतात, आणि याचा रक्ताशी, स्मरणशक्तीशी किंवा ताकदीशी काहीही संबंध नाही. ही भीती आपल्या देशात इतकी रुजलेली आहे की मानसोपचारतज्ज्ञ डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी १९६० मध्ये तिच्यातून उद्भवणाऱ्या त्रासाला ‘धात सिंड्रोम’ (धात म्हणजे वीर्य) असे नाव दिले. मला सर्वांत अधिक दुःख याचे होते की मराठीत ही गोष्ट फार पूर्वी सांगून झालेली आहे. र. धों. कर्वे यांनी १९२७ ते १९५३ या काळात ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले, वाचकांच्या अशाच प्रश्नांना सरळ उत्तरे दिली, त्यासाठी खटले सोसले, आणि १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने न्यायालयात उभे राहिले. हे सर्व ज्या भाषेत घडले, त्याच भाषेतले इतक्या वर्षांनंतरचे पुस्तक माझ्या मुलाला चाळीस थेंबांचा हिशेब शिकवत होते.

म्हणून पुस्तक हाती घेताच आधी मुद्रणपान पाहावे, असे माझे ठाम मत आहे. त्या पानावर पहिल्या आवृत्तीचे वर्ष असते आणि खाली पुनर्मुद्रणांची वर्षे असतात. पुनर्मुद्रण म्हणजे जुनाच मजकूर पुन्हा छापलेला असतो; नवे मुखपृष्ठ पाहून आपण फसतो. ‘सुधारित आवृत्ती’ असे लिहिलेले असेल तर काय सुधारले हे प्रस्तावनेत शोधावे. माझ्या त्या पुस्तकाची पहिली आवृत्ती माझ्या स्वतःच्या शाळेच्या दिवसांतली होती, हे मला नंतर कळले. २०१२ मध्ये मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदा आला. त्याआधीच्या मजकुरात मुलांवरील लैंगिक अत्याचाराविषयी बहुधा काहीच नसते, आणि असले तरी ‘अनोळखी माणसापासून सावध राहा’ एवढेच असते, जेव्हा असे करणारी व्यक्ती पुष्कळदा ओळखीचीच असते. नको असलेला स्पर्श, कोणी मागितलेले फोटो, १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक, यांचा उल्लेखही ज्या पुस्तकात नाही, ते आजच्या मुलाला अपुरे आहे.

त्यानंतर झोपेतल्या वीर्यस्खलनाचे पान काढावे. तेथे ‘स्वप्नदोष’ हा शब्द आला असला तर एवढ्यावरून पुस्तक टाकून देऊ नये, कारण तो शब्द मुलाच्या कानावर बाहेरही पडणारच आहे. परंतु यात दोष कोणताही नाही, हे त्याच परिच्छेदात स्पष्ट लिहिलेले असले पाहिजे. हस्तमैथुनाविषयी धाक घातलेला असेल, किंवा तो विषय गाळून एकदम व्यायाम आणि सुविचारांकडे उडी मारलेली असेल, तर ते पुस्तक परत करावे. काही मुलांच्या छातीला या वयात तात्पुरती सूज येते आणि ती साधारण सहा महिने ते दोन वर्षांत आपोआप ओसरते. मुलाला ही गोष्ट फार लाजिरवाणी वाटते आणि तो पोहायला जाण्याचे किंवा शर्ट काढण्याचे टाळतो. ही साधी बाब ज्या लेखकाने लिहिली आहे, त्याने मुलांशी प्रत्यक्ष बोललेले आहे, असे मी मानतो.

मुलीसाठीही हीच कसोटी लावावी. मुलींमध्ये पहिला बदल स्तनांच्या वाढीचा असतो, तो पुष्कळदा एकाच बाजूने सुरू होतो, ती जागा दुखरी असते आणि घरचे गाठ समजून घाबरतात. पहिल्या पाळीच्या काही महिने आधी पांढरा स्राव सुरू होतो, आणि जुन्या पुस्तकांत त्याला सरसकट ‘अंगावरून जाणे’ म्हणून आजारात ढकललेले असते. पहिली एकदोन वर्षे पाळी अनियमित असू शकते हे लिहिले आहे का, पॅड चारसहा तासांनी बदलावे हे लिहिले आहे का, आणि लोणच्याला हात न लावणे किंवा बाजूला बसणे हे आरोग्याचे नियम म्हणून तर घुसवलेले नाहीत ना, हेही तपासावे. आपण घरी कोणती रीत पाळता तो आपला प्रश्न आहे, त्यावर मी बोलणार नाही. परंतु रीत ही वैद्यकीय माहिती म्हणून छापली जाऊ नये.

मुखपृष्ठावरच्या वयावर विसंबू नये, असे मी म्हणतो त्याला कारण आहे. मुलींमध्ये हे बदल ८ ते १३ आणि मुलांमध्ये ९ ते १४ या वयात केव्हाही सुरू होतात, आणि पहिली पाळी स्तनांची वाढ सुरू झाल्यानंतर साधारण दोन ते अडीच वर्षांनी येते. म्हणजे ‘१० ते १४’ असे छापलेले पुस्तक एखाद्या नऊ वर्षांच्या मुलीला उशिरा मिळालेले असू शकते आणि त्याच पुस्तकाची शेवटची प्रकरणे दहा वर्षांच्या मुलाला निरर्थक वाटू शकतात. युनेस्कोच्या लैंगिक शिक्षणाविषयीच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये ५ ते ८, ९ ते १२, १२ ते १५ आणि त्यापुढे असे टप्पे केलेले आहेत आणि शरीराच्या अवयवांची खरी नावे पहिल्याच टप्प्यात येतात. आपल्या नऊ वर्षांच्या मुलीला म्हणूनच वेगळे, चित्रांचे, पातळ पुस्तक आताच द्यावे, आणि मोठे पुस्तक दोन वर्षांनी द्यावे. मुलीत आठ वर्षांच्या आधी किंवा मुलात नऊ वर्षांच्या आधी बदल दिसू लागले, अथवा पंधरा वर्षे पूर्ण होऊनही पाळी आली नाही, तर पुस्तक बाजूला ठेवून बालरोगतज्ज्ञांकडे जावे.

अवयवांच्या नावांविषयी माझा आग्रह थोडा अधिक आहे. काही मराठी पुस्तके आरंभापासून शेवटपर्यंत ‘गुप्तांग’ हा एकच शब्द वापरतात. शिश्न, वृषण, योनीमार्ग, गर्भाशय हे शब्द मुलांना सुरुवातीला जड जातात, हे खरे आहे. परंतु कोठे दुखते किंवा कोणी कोठे हात लावला, हे सांगण्यासाठी मुलाजवळ शब्दच नसणे अधिक वाईट आहे. घरात जो शब्द चालतो त्याच्याशी पुस्तकातला शब्द आपण स्वतः जोडून द्यावा. इंग्रजी माध्यमातल्या मुलांसाठी परदेशी पुस्तके आणण्याकडे कल असतो, आणि त्यांची चित्रे खरोखर चांगली असतात, पण शाळेतले सामुदायिक शॉवर, दाढीचे साहित्य, टॅम्पॉन आणि डेटिंग यांवरची पाने आपल्या मुलांना परकी वाटतात, आणि बालरोगतज्ज्ञांना विचारावे हा साधा सल्लाही त्यांत तिकडच्या व्यवस्थेला धरून दिलेला असतो. शक्य असल्यास असे पुस्तक सोबतीला ठेवावे, मुख्य पुस्तक मराठी असावे, म्हणजे त्यावर आजीशीही बोलता येते.

आता ग्रंथालयाविषयी लिहितो, कारण त्यांनी थोडे सहकार्य केले असते तर मी ते पुस्तक विकत घेतलेच नसते. ज्या सार्वजनिक ग्रंथालयाचा मी वीस वर्षे वर्गणीदार होतो, तेथे या विषयाची सहासात पुस्तके होती, पण ती कुलूपबंद कपाटात होती. बालविभागाच्या नोंदीत ती नव्हती, आणि प्रौढ सभासदालाही कार्यवाहांच्या लेखी परवानगीशिवाय मिळत नव्हती. मी अर्ज दिला, तीन आठवडे थांबलो, दोनदा विचारायला गेलो, आणि शेवटी ‘मुलासाठी हवे असेल तर देता येणार नाही’ असे उत्तर मिळाले. चार पुस्तके शेजारी ठेवून मी ते एक प्रकरण ताडून पाहिले असते तर फरक पाच मिनिटांत कळला असता. दुकानातही ही पुस्तके पुष्कळदा प्लास्टिकच्या वेष्टणात असतात. दुकानदाराला विनंती करून वेष्टण काढून घ्यावे, आणि तो नाही म्हणाला तर दुसऱ्या दुकानात जावे. शाळेवरही विसंबून राहू नये. २००७ मध्ये महाराष्ट्राने शाळांमधील लैंगिक शिक्षणाचा कार्यक्रम थांबवला होता. राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञानात मानवी प्रजननसंस्था येते, तेव्हा मुले पंधरा वर्षांची झालेली असतात.

पुस्तक टेबलावर ठेवून द्यावे का, या आपल्या मूळ प्रश्नावर माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. मी ते ठेवून दिले होते आणि न बोलता दिलेल्या पुस्तकाविषयी मुलानेही काही बोलायचे नसते, असे त्याने गृहीत धरले. माझ्या मुलीच्या वेळी आम्ही तिच्याबरोबर बसून पहिली दोन प्रकरणे मोठ्याने वाचली, बाकीची तिने एकटीने वाचली, आणि प्रश्न बोलून विचारायचा नसेल तर लिहून पुस्तकात ठेवावा म्हणून मध्ये एक कोरी वही घातली. पहिल्या महिन्यात तिने तीन प्रश्न लिहिले, त्यांपैकी दोन मुलांच्या शरीराविषयी होते. त्यामुळे मुलीच्या पुस्तकात मुलांचे आणि मुलाच्या पुस्तकात मुलींचे प्रकरण असलेच पाहिजे, असे मला वाटते. मुलाने ते पुस्तक बहिणीच्या आधी स्वतः वाचायला मागून घेतले होते आणि ‘हे चालेल’ असे त्याने सांगितल्यावरच आम्ही ते तिला दिले.

आपल्या मुलाने ते पुस्तक आपल्या नकळत आधीच वाचलेले असण्याची शक्यता आहे. घरात आलेले नवे पुस्तक मुलांच्या नजरेतून सुटत नाही. तसे असल्यास त्याला दरडावून विचारू नये. ‘त्यातले अमुक पान मला चुकीचे वाटते, तू वाचलेस का’ अशी सुरुवात करावी. आज रात्री ते शेवटच्या पानापर्यंत वाचून काढावे, आणि पहिल्या आवृत्तीचे वर्ष व त्या एका प्रकरणात काय लिहिले आहे एवढे मला कळवावे. मी लगेच उत्तर देईन.