डब्यावरचा आकडा आणि घरातलं मूल

या वेळच्या टपालात खेळण्यांबद्दलची पत्रं जास्त होती, आणि त्यांतली बरीच एकाच प्रकारच्या खेळण्यांबद्दल : मोठी माणसं हौसेनं जमवतात आणि मुलं हट्टानं मागतात अशी.

प्रश्न : मुलगी साडेतीन वर्षांची आहे. वर्गात दोन-तिघींच्या दप्तराला लबुबू हा दातवाला बाहुला लटकतोय, म्हणून तिलाही हवाय. महाद्वार रोडवर दीडशे रुपयांत मिळाला, पण खोक्यावर ‘१५+’ छापलंय. दुकानदार म्हणाला, “ते नुसतं लिहायला असतंय, घेऊन जावा.” द्यावा का? — एक आई, राजारामपुरी

उत्तर : देऊ नका. खोक्यांवरचे आकडे दोन जातींचे असतात. ‘३+’ किंवा रेघ मारलेला ‘०-३’चा चेहरा असेल, तर ती वस्तू खेळणं म्हणूनच बनवलेली आहे, पण तिच्यातला किंवा तिच्यातून सुटणारा एखादा भाग तीन वर्षांखालच्या मुलाच्या घशात अडकू शकतो, असा त्याचा अर्थ. मुलाच्या हुशारीशी त्याचा काडीचाही संबंध नाही. ‘आमची दोन वर्षांची आहे, पण फार समजूतदार’ हे श्वासनलिकेला कळत नाही, आणि त्या वयाची श्वासनलिका जेमतेम त्या मुलाच्याच करंगळीएवढी असते.

‘१४+’, ‘१५+’चं प्रकरण वेगळं. आपल्याकडे खेळण्यांचे सक्तीचे सुरक्षा नियम चौदा वर्षांखालच्या मुलांसाठी असलेल्या वस्तूंना लागतात. त्यापुढचं वय छापलं की ती संग्राहकांची वस्तू ठरते. डोळा किती ओढल्यावर निघतो, रंगात शिसं किती, या परीक्षेला तिला बसावंच लागत नाही. कंपनीनं स्वतःहून तपासलंही असेल, पण दीडशे रुपयांच्या लबुबूबद्दल ते धरून चालता येत नाही.

कारण तो मूळचा नाही. लबुबू हे हाँगकाँगमध्ये जन्मलेल्या कासिंग लुंग या चित्रकाराचं पात्र, आणि बाहुल्या काढते पॉप मार्ट ही चिनी कंपनी. चेहरा व्हिनाइलचा, अंग मखमली, डोक्यावर अडकवायची कडी. मूळ बाहुलीची किंमत दीडशेच्या कितीतरी पट आहे. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगानं ऑगस्ट २०२५मध्ये नकली लबुबूंबद्दल जाहीर इशारा दिला : ते सहज तुटतात आणि तुकडे लहान मुलाचा श्वास अडवू शकतात. नकली ओळखायला लोक दात मोजतात, मूळ लबुबूला नऊ असतात. पण नऊ दात काढणं नकली कारागिराला काही अवघड नाही, तेव्हा दात मोजून फार तर पैसे वाचतील. सुरक्षेसाठी डोळे, पंजे, मान आणि कडी ओढून बघायची.

घेऊन झालाच असेल तर तो तुमच्या पर्सला लावा. मुलीला भरतकामाचे डोळे-नाक असलेली, आयएसआय छाप असलेली कापडी बाहुली द्या. दोन दिवस रुसेल.

प्रश्न : घरात पाच वर्षांची मोठी आणि अकरा महिन्यांचा धाकटा. मोठीची खेळणी ‘३+’ आहेत, तिच्यासाठी बरोबर. पण धाकटा आता रांगत सगळीकडे पोचतो. कुठलं ठेवावं, कुठलं उचलावं हे घरच्या घरी ठरवता येतं का? — शाहूपुरी

उत्तर : येतं, आणि ठरवताना वय धरायचं ते धाकट्याचं. प्रयोगशाळेत यासाठी एक नळकांडं वापरतात. आतला व्यास ३१.७ मिलिमीटर, तळ तिरका, त्यामुळे खोली एका बाजूला २५.४ आणि दुसऱ्या बाजूला ५७.१ मिलिमीटर. न दाबता, कशाही अवस्थेत, वस्तू पूर्ण आत मावली की ती तीन वर्षांखालच्या मुलासाठी बाद.

तसं घरी करायला जुन्या लग्नपत्रिकेचा जाड कागद घ्या. ११ सेंटीमीटर लांब, ५.७ सेंटीमीटर रुंद पट्टी कापा. एका टोकापासून १० सेंटीमीटरवर पेन्सिलनं रेघ मारा. पट्टी गुंडाळून ते टोक बरोबर रेघेवर आणा आणि वरचा एक सेंटीमीटर चिकटवा. आतला व्यास पट्टीनं मोजा, ३.२ सेंटीमीटरच्या आसपास यायला हवा. नळी टेबलावर उभी करा आणि एकेक वस्तू अलगद सोडा : आडवी, उभी, तिरकी. काठाच्या खाली गेली तर डब्यात टाकून वरच्या फळीवर. आपल्या नळीचा तळ सपाट असल्यामुळे ती प्रयोगशाळेपेक्षा थोडी कडक आहे. एखादी वस्तू उगाच बाद झाली तर होऊ दे.

चेंडूला ही नळी फसते. गोल वस्तू घसा बुचासारखा बंद करते, म्हणून तीन वर्षांखाली चेंडूची हद्द मोठी आहे : ४४.५ मिलिमीटर. उड्या मारणारे रबरी चेंडू काही वेळा नळीत जात नाहीत आणि तरी धोक्याचे असतात. साडेचार सेंटीमीटरहून लहान चेंडू नळी न बघताच उचला.

आता सुटणारे भाग. बॅगा तोलायचा हुकाचा काटा असेल तर डोळा, नाक, शेपूट, कडी यांना मजबूत दोरा बांधून काट्यानं ७ किलोपर्यंत ओढा आणि १० सेकंद धरा. खेळण्यांच्या सुरक्षा-मानकातली ओढ साधारण एवढीच, ७० न्यूटन. काटा नसेल तर चिमटीत घट्ट धरून ओढा आणि पिळाही. चिकटवलेले भाग सरळ ओढीला टिकतात आणि पिळल्यावर निघतात, हे नेहमीचं. मग ओट्याच्या उंचीवरून फरशीवर चार वेळा टाका. जे निघालं ते नळीत टाकून बघा. कापडी बाहुलीची शिवण दोन अंगठ्यांनी फाकवा. आतले थर्मोकोलचे मणी दिसले तर धाकट्याच्या हाती नको. धुतल्यावर हे सगळं पुन्हा करायचं, कारण डिंक आणि शिवण दोन्ही धुण्यानं ढिले पडतात. दोरी, नाडी वीतभरापेक्षा लांब नसावी, फासाची तर अजिबात नको.

आणि मोठीला शिक्षा झाल्यासारखं वाटू देऊ नका. तिची बारीक खेळणी टेबलावर, धाकट्याची जमिनीवर. टेबलाचा नियम तिनं राखायचा. पाच वर्षांच्या मुलांना असला अधिकार फार आवडतो. तरी खेळ आटोपल्यावर टेबलाखाली एकदा मोठ्या माणसानं बघायचं.

प्रश्न : आमचे चिरंजीव हॉट व्हील्सच्या गाड्या जमवतात. भिंतभर पाकिटं आहेत, एकही उघडलेलं नाही. नातू अडीच वर्षांचा, रोज त्यासाठी रडतो. मी म्हणतो गाड्या खेळायलाच असतात, मुलगा म्हणतो हात लावायचा नाही. कुणाचं बरोबर? — एक आजोबा, कागल

उत्तर : आजोबा, सहा महिने मुलाचं बरोबर, पुढे तुमचं. मॅटेल कंपनी १९६८पासून या गाड्या काढते. खऱ्या गाडीच्या चौसष्टाव्या हिश्शाच्या मापाच्या, साधारण ७ सेंटीमीटर लांब. वय ‘३+’. गाडी स्वतः नळीत जात नाही, चाक जातं. साध्या गाडीची चाकं बारीक तारेच्या आसावर असतात. फरशीवर आपटून आस वाकला की चाक तिरकं होतं आणि मग हातात येतं. महागड्या मालिकांच्या चाकांना रबरी टायर असतात, ते नखानं निघू शकतात, त्यामुळे संग्राहकाची आवडती गाडी लहान मुलाला उलट जास्त वाईट. पाकीट फाडल्यावर उरलेल्या पारदर्शक प्लास्टिकची कड हात कापते, ती लगेच कचऱ्यात.

आता त्याला मुठीत मावणार नाही अशी, चाकं अंगातच बसवलेली मोठी गाडी द्या. तीन पूर्ण झाले आणि वस्तू तोंडात घालणं खरोखर सुटलं, की सहा-सात साध्या गाड्या त्याच्या मालकीच्या. तोंडात घालणं सुटलं नसेल तर वाढदिवस झाला म्हणून द्यायच्या नाहीत. आठवड्यातून एकदा चाकं हलवून बघायची, वाकलेल्या आसाची गाडी बाद. भिंतीवरची पाकिटं मात्र काचेच्या कपाटात हलवायला चिरंजीवांना सांगा. डोळ्यासमोर टांगून ‘हात लावू नको’ म्हणणं अडीच वर्षांच्या पोरावर अन्यायच आहे.

प्रश्न : रंकाळ्यावर दिवे लागणारी किचेन आणि लोहचुंबकाचे गोळे मिळतात. मुलगा सहा वर्षांचा आहे, तोंडात काही घालत नाही. चालतील? — लक्ष्मीपुरी

उत्तर : गोळे नकोत, कुठल्याच वयाच्या मुलाला. एक गिळला तर बहुधा निघून जातो. दोन वेगवेगळ्या वेळी गिळले तर आतड्याच्या दोन वेढ्यांतून एकमेकांना चिकटतात, मधली भिंत चेपते आणि भोक पडतं. सुरुवातीला नुसती पोटदुखी आणि उलटी दिसते, म्हणून उशीर होतो. सहा वर्षांचं मूल तोंडात घालत नाही खरं, पण जिभेला दागिना लावल्याची नक्कल करायला गोळा जिभेवर ठेवतं.

दिव्याच्या किचेनमध्ये बटणासारखा सेल असतो. झाकण स्क्रूनं बंद असेल आणि स्क्रूड्रायव्हरशिवाय उघडत नसेल तरच घ्या. नखानं किंवा नाण्यानं उघडलं तर नको. २० मिलिमीटरचा तीन व्होल्टचा लिथियम सेल अन्ननलिकेत अडकला तर त्याच्या विजेनं तिथेच तीव्र अल्कली तयार होतं आणि दोन तासांत गंभीर भाजतं. दिवा लागत नाही असा ‘संपलेला’ सेलही भाजतो.

सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी करवू नका, खाली सांगितलेल्या मधाशिवाय काही खायला-प्यायला देऊ नका. १०८ला फोन करा किंवा एक्स-रे आणि दुर्बिणीची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयात निघा, आणि वाटेतून फोन करून ‘बटण सेल’ हे दोन शब्द सांगा. एक्स-रेत तो नाण्यासारखा दिसतो, फक्त कडेला दुहेरी रिंगण असतं. मूल एक वर्षावरचं असेल, गिळता येत असेल आणि बारा तास उलटले नसतील, तर जाता जाता दर दहा मिनिटांनी दोन चमचे, म्हणजे १० मिलिलिटर मध देता येतो, जास्तीत जास्त सहा वेळा. मध आणायला थांबायचं नाही.

प्रश्न : मुलगी सात वर्षांची. आत काय आहे ते न दिसणारे डबे तिला हवे असतात. नको ते निघालं की रडते आणि दुसरा मागते. यात काही गैर आहे का, की आम्हीच जुन्या वळणाचे? — इचलकरंजी

उत्तर : बाहुली तपासून घेतलीत तरी हा धंदा सात वर्षांच्या मुलीसाठी नाही. चीनमध्ये, जिथे हे डबे सर्वांत जास्त खपतात, २०२३च्या नियमावलीनुसार आठ वर्षांखालच्या मुलांना ते विकता येत नाहीत आणि त्यापुढे पालकांची संमती लागते.

हिशोब तिच्यासमोर मांडा. एका मालिकेत सहा बाहुल्या, प्रत्येक निघण्याची शक्यता सारखी. सुटे डबे घेत गेलं तर सहाही जमायला सरासरी चौदा-पंधरा डबे लागतात, म्हणजे आठ-नऊ दुबार. शेवटच्या एकीसाठीच सरासरी सहा. लपवलेली ‘सीक्रेट’ बाहुली तर काही मालिकांत ७२ डब्यांत एक. घरी फासा टाकून दाखवा : एक ते सहा सगळे आकडे पडेपर्यंत किती वेळा टाकावा लागतो ते तिला वहीत मांडू द्या. सात वर्षांच्या मुलीला शब्दांपेक्षा ही वही पटते.

तरी घ्यायचाच असेल तर दुकानात जाण्याआधी एक डबा ठरवा, काहीही निघो. किंवा आत काय ते दिसणारी, उघडी बाहुली घ्या. थोडी महाग पडली तरी एकूण स्वस्त. मैत्रिणींत अदलाबदल करायची तर दोन्ही घरच्या मोठ्यांना माहीत असावी आणि दुसऱ्या दिवसापर्यंत परत मागता यावी, नाहीतर पाचवीतली मुलं दुसरीतल्यांना हमखास गंडवतात.

प्रश्न : पोकेमॉनची कार्डं, बेब्लेड, लेगोची माणसं, यांचं वय काय? — पत्ता नाही

उत्तर : कार्डं ‘६+’. घशाचा प्रश्न नाही, आकडे वाचून खेळायचा आहे. चार वर्षांचं मूल नुसती चित्रं लावत बसलं तर बसू दे. बेब्लेड ‘८+’, कारण भोवरे वेगानं आपटतात आणि मुलं तोंड अगदी रिंगणावर नेतात. लेगोची सुटी माणसं ‘५+’. त्यांचे केस आणि हातातली हत्यारं नळीत आरामात जातात. धाकट्यांसाठी त्याच कंपनीचे ड्युप्लोचे मोठे ठोकळे दीड वर्षापासून चालतात.

प्रश्न : वाढदिवसाला तीस मुलांना गांधीनगरमधून घाऊक खेळणी घेणार आहे. खरी-खोटी कशी ओळखू? — उजळाईवाडी

उत्तर : खेळण्यांसाठीचा गुणवत्ता नियंत्रण आदेश १ जानेवारी २०२१पासून लागू आहे. आयएसआय छाप आणि सोबत ‘सीएम/एल’नं सुरू होणारा परवाना क्रमांक, दोन्ही हवेत. साध्या खेळण्यावर मानक आयएस ९८७३, विजेच्या किंवा सेलच्या खेळण्यावर आयएस १५६४४. सेलच्या गाडीवर ९८७३ दिसलं तर छाप उचलून चिकटवलेली आहे असं समजा. भारतीय मानक ब्यूरोच्या (बीआयएस) ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपमध्ये परवाना क्रमांक घाला. कारखान्याचं नाव, मालाचा प्रकार आणि मुदत दिसते. नाव खोक्यावरच्या नावाशी जुळलं पाहिजे. हे पैसे देण्याआधी, दुकानातच करा आणि पक्कं बिल घ्या. बिल नसेल तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार लंगडी पडते.

उघडताच रबराचा किंवा रॉकेलसारखा उग्र वास आला, ओल्या पांढऱ्या फडक्याला रंग लागला, तर छाप असूनही परत करा. नोंदणीकृत हस्तकला कारागिरांच्या खेळण्यांना या आदेशातून सूट आहे, त्यामुळे सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांवर छाप नसेल तर घाबरू नका. पण तिथली बारीक फळं आणि भातुकलीची भांडी तीन वर्षांखाली नकोत.

तीस मुलांत दोन-चार धाकटी भावंडं येणारच. त्यांच्या पिशव्या वेगळ्या भरा आणि वेगळ्या रंगाच्या घ्या, म्हणजे वाटताना गोंधळ होणार नाही. फुगे कुणाच्याच पिशवीत नकोत. फुटलेल्या फुग्याचा तुकडा नळीच्या कुठल्याच हिशोबात बसत नाही आणि घशाला चिकटला की निघत नाही.