वटहुकूम 'काढला', 'जारी केला' की 'प्रख्यापित केला'?

आमच्या प्रतापनगरातली एक मुलगी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. परवा वही घेऊन आली. राज्यपालांनी अध्यादेश, म्हणजेच वटहुकूम, 'प्रोमल्गेट' केला, असं इंग्रजी वाक्य होतं आणि त्याचं मराठी करायचं होतं. तिनं 'प्रसिद्ध केला' लिहिलेलं. "काका, सर म्हणतात 'जारी केला' लिहा, अन् पुस्तकात 'प्रख्यापित' देऊन राहिले. खरं काय धरू?"

परीक्षेत 'प्रख्यापित केला' असंच लिहावं. संविधानाच्या मराठी पाठात अनुच्छेद 123 (राष्ट्रपती) आणि 213 (राज्यपाल) इथं हाच शब्द आहे, आणि राजपत्रातल्या अध्यादेशातही 'याद्वारे प्रख्यापित करीत आहेत' असंच छापलेलं असतं. पण तिचा पुढचा प्रश्न मला जास्त आवडला : एवढा जड शब्द कशाला, 'जाहीर' काय वाईट आहे?

शब्द जड वाटतो, पण त्याची भावंडं आपल्या रोजच्या बोलण्यातली आहेत. संस्कृतात 'ख्या' म्हणजे सांगणं. ख्याती, व्याख्या, आख्यान, प्रख्यात हे सगळे त्याच घरचे. जे सर्वांना ठाऊक झालं ते प्रख्यात आणि जे मुद्दाम सर्वांना ठाऊक करवलं ते प्रख्यापित. मधला तो 'प' हे करवण्याचं काम करतो. स्थित आणि स्थापित या जोडीत तो दिसतोच. 'जाहीर' अरबीतून आला. मुळात तो 'दिसणारं, उघड' अशा अर्थाचा, म्हणून निकालापासून सभेपर्यंत कुठंही चालतो. 'जारी'ही अरबीच, अर्थ 'वाहतं, चालू'. संचारबंदी जारी असते, म्हणजे अंमलात असते. आपल्याकडे नागपुरात हिंदीच्या शेजारामुळे परिपत्रकापासून प्रवेशपत्रापर्यंत सगळंच 'जारी' होतं. चूक म्हणणार नाही, पण त्यातून फक्त 'निघालं' एवढंच कळतं. 'वटहुकूम काढला' हे त्याहून अस्सल मराठी. बातमीत मी तेच लिहीन. तरी काढणं ही सरकारच्या टेबलाकडची बाजू झाली. लोकांच्या कानापर्यंत गेलं का, ही दुसरी बाजू 'प्रख्यापित'मध्ये आहे.

इंग्रजी 'प्रोमल्गेट' लॅटिनमधून आला. जुन्या रोममध्ये कायद्याचा मसुदा मतदानाच्या आधी सर्वांना वाचता येईल असा लावून ठेवत, आणि मध्ये तीन आठवडी बाजारांचा अवधी जाऊ देत. बाजाराला खेड्यापाड्यातली माणसं येत, वाचत, ऐकत आणि गावी जाऊन सांगत. कोतवालाची दवंडी ऐकलेल्या आपल्या विदर्भातल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. फरक एवढाच की तिथं ते मतदानाआधी होतं. आज हा शब्द कायदा झाल्यावर येतो.

आणि हा नुसता शब्दांचा कीस नाही. जयपूर संस्थानात 1923 साली मंत्रिमंडळानं ठराव करून अफूचा कायदा केला, पण तो लोकांसमोर कधी आणलाच नाही. पुढे त्याच कायद्याखाली हरला नावाच्या माणसाला 50 रुपये दंड झाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 1951 मध्ये शिक्षा रद्द झाली. ज्याची लोकांना कल्पनाच नाही आणि माहिती मिळवण्याचा मार्गही नाही, अशा कायद्यावरून शिक्षा देणं नैसर्गिक न्यायाला धरून नाही. कायदा लागू व्हायचा तर तो आधी कुठल्यातरी ओळखता येईल अशा रीतीनं लोकांपुढं आला पाहिजे, असं न्यायालय म्हणालं. निकाल लिहिला न्यायमूर्ती विवियन बोस यांनी, आणि ते त्याच वर्षापर्यंत आपल्या नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते. हे तिला सांगितलं तेव्हा तिनं पेन खाली ठेवला.

म्हणून हा शब्द कायदा, अध्यादेश, नियम यांच्यासाठीच राखावा. सोसायटीच्या फलकावर 'पाण्याची वेळ प्रख्यापित' नको. तिथं 'कळवण्यात येते' पुरे. आणीबाणीची उद्घोषणा होते, राजपत्रातून अधिसूचना निघते, वरिष्ठांना अवगत करतात, गुपित मात्र फुटतं.

इंग्रजीत 'प्रोमल्गेट' हे क्रियापद मत, सिद्धान्त, पंथाची शिकवण यांनाही लावतात. तिथं 'प्रख्यापित' डोळे मिटून वापरू नये. 'बुद्धांचा धम्म देशोदेशी प्रसृत केला' हे दीक्षाभूमीच्या गावात कुणालाही लगेच कळेल. तिच्या वहीत खाली नेमकं असंच दुसरं वाक्य होतं, आणि तिथंही तिनं घाईघाईत 'प्रख्यापित' लिहायला घेतलं होतं. ते खोडून 'प्रसृत' केलं.