चुलीची परीक्षा कुठे घ्यावी?

सरपणावर चालणाऱ्या सुधारित चुली आणि स्वयंपाकघरातील धूर यांविषयी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी सहा प्रश्न या वेळी उत्तरांसाठी घेतले आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातल्या धुराने २०२० या एका वर्षात सुमारे ३२ लाख माणसे दगावली आणि त्यांत पाच वर्षांखालील मुले २ लाख ३७ हजारांहून अधिक होती. म्हणून उत्तरे थोडी सविस्तर दिली आहेत.

प्रश्न : आमच्या महिला गटाला दोन सुधारित चुली दाखवण्यात आल्या. त्यांपैकी एकीच्या प्रमाणपत्रावर ‘कार्यक्षमता ३८ टक्के’ आणि ‘स्तर ४’ असे लिहिले आहे. एवढ्यावरून ती निवडावी का?

उत्तर : नाही. आधी ते प्रमाणपत्र नीट वाचावे, कारण त्यावरच्या दोन आकड्यांचा एकमेकांशी मेळ बसत नाही. आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने २०१८ मध्ये चुलींसाठी ० ते ५ असे स्तर सुचवले आणि ते प्रत्येक गुणासाठी वेगवेगळे ठेवले : उष्णतेच्या वापराची कार्यक्षमता, सूक्ष्म कणांचे उत्सर्जन, कार्बन मोनॉक्साइडचे उत्सर्जन, सुरक्षितता आणि टिकाऊपणा. कार्यक्षमतेचा स्तर ४ मिळण्यासाठी किमान ४० टक्के लागतात. ३८ टक्क्यांची चूल स्तर ३ मध्ये बसते. तेव्हा तुमच्या प्रमाणपत्रावरचा ‘४’ कशाचा आहे, हे विक्रेत्याला विचारायलाच हवे. सूक्ष्म कणांच्या बाबतीत स्तर ४ म्हणजे भांड्यात पोहोचलेल्या दर मेगाज्यूल उष्णतेमागे ६२ मिलिग्रॅमपर्यंत कण. स्तर ३ मध्ये हीच मर्यादा २१८ मिलिग्रॅमपर्यंत जाते. धुराच्या दृष्टीने तुम्हाला हवा तो आकडा हा आहे. कार्यक्षमतेचा आकडा मुख्यतः सरपणाची बचत सांगतो.

बचत आणि स्वच्छता या दोन गोष्टींची गल्लत फार होते, म्हणून थोडे खोलात जातो. लाकूड तापले की त्यातून ज्वलनशील वायू सुटतात. या वायूंना पुरेशी उष्णता, पुरेशी हवा आणि ज्वाळेत राहायला पुरेसा वेळ मिळाला, तर ते पूर्ण जळतात. यांपैकी काहीही कमी पडले की ते अर्धवट जळतात आणि धूर व काजळी होऊन बाहेर पडतात. भांडे ज्वाळेच्या फार जवळ आणले तर त्याला उष्णता अधिक मिळते आणि लाकूड वाचते, पण थंड भांड्याच्या बुडाला टेकून ज्वाळा विझत जाते आणि धूर वाढू शकतो. त्यामुळे लाकूड कमी जाळणारी चूल धूरही कमी करेलच असे नाही.

दुसरे असे की प्रयोगशाळेत चुलीचे सर्वोत्तम रूप दिसते. तिथले लाकूड सुकलेले आणि एका मापाचे असते, भांडे ठरलेले असते, त्यात पाणीच तापवायचे असते आणि प्रशिक्षित माणूस सारा वेळ चुलीजवळ बसून असतो. घरात सरपण कधी ओले असते, कधी जाड ओंडका तसाच आत सरकवलेला असतो. चूल पेटवून बाई दुसऱ्या कामाला जाते, आणि मुळात चूल पेटताना व विझताना होणारा धूर हाच दिवसभरातल्या धुराचा मोठा वाटा असू शकतो. ताज्या तोडलेल्या लाकडात वजनाच्या जवळजवळ निम्मे पाणी असते. त्या पाण्याची वाफ करण्यातच आगीची शक्ती जाते. त्यामुळे प्रयोगशाळेतला क्रम दोन चुलींतली निकृष्ट चूल आधीच बाजूला काढण्यासाठी वापरावा आणि उरलेली घरात तपासावी.

प्रश्न : मी विज्ञान शिक्षक आहे. सूक्ष्म कण मोजणारी दोन लहान यंत्रे मिळाली आहेत. वीस घरांत नवी चूल देऊन फरक मोजायचा आहे. तो कसा मोजावा?

उत्तर : तुमचा बेत चांगला आहे. मात्र तो कुठे फसू शकतो ते आधी पाहून घ्या.

प्रत्येक घर आपापल्या जुन्या मोजमापाशीच ताडून पाहा. दोन स्वयंपाकघरांतल्या हवेत दहापटही फरक असू शकतो, कारण छपराची उंची, खिडक्या, माणसांची संख्या आणि सरपण हे सारे वेगळे असते. दहा घरांत नवी चूल व दहा घरांत जुनी, अशी वाटणी केली तर घरांमधला फरकच चुलींमधला फरक वाटू लागेल. तेच घर आधी आणि नंतर मोजले की ही अडचण बरीच कमी होते. परंतु ‘आधी’ पावसाळ्यात आणि ‘नंतर’ उन्हाळ्यात मोजले तर ऋतूचा परिणाम चुलीच्या नावावर जमा होईल. म्हणून पाच-सहा घरे अशी ठेवा की जिथे या काळात चूल बदलणार नाही, आणि त्यांचीही दोन्ही वेळा मोजणी करा. त्या घरांना चूल शेवटी द्यायची, हे त्यांना पहिल्याच दिवशी सांगा.

यंत्र सलग २४ तास तरी चालू ठेवा, जमल्यास ४८ तास. केवळ स्वयंपाकाच्या वेळेचे मोजमाप दोन दिवसांत इतके बदलते की त्यावरून काहीच म्हणता येत नाही. जागा सर्व घरांत एकच असावी : चुलीपासून सुमारे १ मीटर अंतरावर, जमिनीपासून सुमारे १४५ सेंटिमीटर उंचीवर आणि उघडणाऱ्या दारा-खिडक्यांपासून दीड मीटर दूर, अशी पद्धत क्षेत्रकामात रूढ आहे. ही उंची उभ्या माणसाच्या श्वासाची आहे. तुमच्याकडे बसून स्वयंपाक होत असेल तर खाली बसलेल्या बाईच्या नाकाशी हवा वेगळी असते; तेव्हा एक यंत्र ठरलेल्या जागी आणि दुसरे तिच्या अंगावर, असे करता आल्यास उत्तम. १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या गुजरातमधील खेड्यांच्या अभ्यासात कर्क स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावरच उपकरणे दिली होती. माझ्या मते आजही तोच योग्य मार्ग आहे, कारण आजार स्वयंपाकघराच्या भिंतीला होत नसतो.

तुमची लहान यंत्रे बहुधा प्रकाशाच्या विखुरण्यावरून कणांचा अंदाज करणारी असतील. लाकडाच्या धुराचे कण फार बारीक व काळे असतात आणि हवेत ओलावाही असतो, त्यामुळे अशा यंत्राचा आकडा खऱ्या वजनापासून बराच दूर जाऊ शकतो. खात्रीची पद्धत म्हणजे हवा गाळणीतून ओढून, गाळणीचे आधीचे व नंतरचे वजन करणे. एखाद्या महाविद्यालयाच्या मदतीने दोन-तीन घरांत दोन्ही पद्धती शेजारी-शेजारी चालवा आणि त्यावरून यंत्राच्या आकड्यांना दुरुस्तीचा गुणक लावा. तेही जमले नाही तर निदान दोन्ही यंत्रे एकाच खोलीत एक दिवस ठेवून ती परस्परांशी जुळतात का, एवढे पाहाच. आकडे मांडताना सरासरीबरोबर मध्यक अवश्य द्या; एका फार धुरकट घरामुळे वीस घरांची सरासरी वर ओढली जाते.

आणखी एक गोष्ट अशी की पाहुणे घरात यंत्र लावून गेले की त्या दिवशी नवी चूल हमखास पेटते. त्यामुळे नव्या आणि जुन्या, दोन्ही चुलींवर तापमान नोंदवणारे बटणाएवढे संवेदक काही आठवडे ठेवावेत, अर्थात घरच्यांना त्याची पूर्ण कल्पना देऊन. चाचणी संपल्यावर प्रत्येक घराला त्याचे आकडे समजावून सांगा. ज्या घरात आपण दोन दिवस यंत्र ठेवतो, त्या घराचा त्या आकड्यांवर पहिला हक्क आहे.

प्रश्न : घरात कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारे यंत्र बसवले आहे. ते कधीच वाजत नाही. म्हणजे हवा ठीक आहे असे समजावे का?

उत्तर : समजू नये. ते यंत्र जीवाला तातडीचा धोका होईल एवढे प्रमाण झाल्यावर वाजते; सूक्ष्म कण त्याला कळतही नाहीत. उलटही घडते : कोळशाच्या शेगडीतून डोळ्यांना धूर जवळजवळ दिसत नाही, पण तिच्यातून कार्बन मोनॉक्साइड भरपूर निघतो, आणि बंद खोलीत पेटती शेगडी ठेवून झोपणे प्राणघातक ठरते. यंत्र राहू द्या, पण कणांचे मोजमाप वेगळेच करावे लागेल.

प्रश्न : धुराडे असलेली चूल घेतली तर धूर बाहेर जातो. मग चाचणीची गरज काय?

उत्तर : धुराड्याचा उपयोग निश्चित होतो. ग्वाटेमालाच्या डोंगराळ भागातील ५३४ घरांत धुराड्याच्या चुलींची चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. लहान मुलांच्या वाट्याला येणारा कार्बन मोनॉक्साइड त्यात सरासरी निम्म्याने घटला. मुख्य निकष होता डॉक्टरांनी निदान केलेला एकूण न्यूमोनिया, आणि त्यातली घट संख्याशास्त्राच्या दृष्टीने निर्णायक ठरली नाही. तीव्र न्यूमोनिया मात्र सुमारे एक तृतीयांशाने कमी आढळला.

पण धुराडे धूर नाहीसा करत नाही, तो फक्त घराबाहेर नेते. तो शेजारच्या खिडकीतून, कधी आपल्याच दारातून परत येतो. शिवाय धुराड्यात काजळी साचते, जोड सुटतात, मातीला भेगा पडतात. ओडिशातील सुमारे २,६०० कुटुंबांत धुराड्याच्या चुली देऊन रेमा हॅना, एस्थर डुफ्लो आणि मायकेल ग्रीनस्टोन यांनी चार वर्षांपर्यंत पाठपुरावा केला. पहिल्या वर्षी बायकांच्या श्वासात जाणारा धूर कमी झाला. पुढे तो फरक उरला नाही, कारण चुली नियमित वापरल्या गेल्या नाहीत आणि त्यांची डागडुजीही झाली नाही. म्हणून चूल बसवल्यानंतरच्या पहिल्या महिन्यातल्या मोजमापावर मी कधीच समाधान मानणार नाही. वर्षाने आणि पुन्हा दोन वर्षांनी त्याच घरांत जावे.

प्रश्न : चाचणीत धूर निम्मा झाला तर आजारही निम्मे होतील, असे धरता येईल का?

उत्तर : तसे धरता येत नाही. धूर आणि आजार यांचा संबंध सरळ रेषेत चालत नाही. हवा मुळात स्वच्छ असेल तेव्हा थोडा धूर वाढला तरी धोका झपाट्याने चढतो. पुढे धूर कितीही वाढला तरी धोक्याची चढण मंदावते. त्यामुळे फार धुरकट घरात धूर निम्मा झाला तरी आपण या चढणीच्या माथ्यावरच असतो. घनमीटरमागे ४०० मायक्रोग्रॅमचे २०० झाले, हे यश कागदावर मोठे दिसते. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची वार्षिक मर्यादा ५ मायक्रोग्रॅम आहे आणि तिथे पोहोचण्यापूर्वीचा पहिला टप्पाही ३५ चा आहे.

मलावीमध्ये पंख्याने हवा देणाऱ्या लाकडाच्या चुली देऊन पाच वर्षांखालील १० हजारांहून अधिक मुलांवर लक्ष ठेवण्यात आले. न्यूमोनियात घट आढळली नाही. यानंतर भारत, ग्वाटेमाला, पेरू आणि रवांडा या चार देशांत ३,२०० गरोदर स्त्रियांची चाचणी झाली. त्यांतल्या निम्म्या घरांना गॅस आणि शेगडी मोफत देण्यात आली. तिथे श्वासातल्या कणांचा मध्यक सुमारे २४ मायक्रोग्रॅमवर आला, तर सरपण वापरणाऱ्या घरांत तो सुमारे ७१ राहिला. तरीही २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत बाळांच्या जन्मवजनात अर्थपूर्ण फरक दिसला नाही.

हे वाचून पुष्कळांना निराशा येते आणि ती मला समजते. परंतु यावरून धूर निरुपद्रवी आहे, असा अर्थ कोणी काढू नये. गरोदरपणात काही आठवडे झाल्यावर आलेली स्वच्छ हवा, घराबाहेरचा धूर, आईचे आधीचे पोषण, यांतले काहीही परिणाम झाकू शकते; आणि फुप्फुसांचे जुनाट रोग, हृदयविकार, मोतीबिंदू हे तर अनेक वर्षांच्या धुराने होतात. ते दीड-दोन वर्षांच्या चाचणीत कसे दिसावेत? तुमच्या अहवालात एवढेच लिहा की धूर किती होता आणि किती झाला. आजारांविषयीचे आश्वासन चुलीबरोबर देऊ नका.

प्रश्न : नवी चूल दिल्यावर जुनी मोडायला सांगावी का? आमच्या गावात बहुतेक घरी दोन्ही पेटतात.

उत्तर : आधी हिशेब पाहा. समजा, जुनी चूल पेटली की स्वयंपाकघरात घनमीटरमागे १,५०० मायक्रोग्रॅम कण होतात. ती दिवसातून केवळ अर्धा तास पेटली तरी २४ तासांच्या सरासरीत ३१ मायक्रोग्रॅमची भर पडते, म्हणजे ३५ चा टप्पा जवळजवळ एकट्या त्या अर्ध्या तासानेच भरून जातो. नवी चूल कितीही चांगली असली तरी तिला मग चार मायक्रोग्रॅमच उरतात.

तरीही मोडायला सांगू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. जुनी चूल पेटते ती काही कारणाने पेटते : अंघोळीचे पाणी तापवायचे असते, मोठे पातेले नव्या चुलीवर डुगडुगते, थंडीत ऊब लागते, लाकूड बारीक फोडायला वेळ नसतो किंवा एकाच वेळी दोन भांडी चढवायची असतात. आठवडाभर जुनी चूल कधी व कशासाठी पेटली याची नोंद घरातल्या बाईकडून घ्या आणि ती संवेदकांच्या नोंदींशी पडताळा. पाणी तापवणे हेच मुख्य कारण निघाले तर त्यासाठी वेगळी सोय बघावी लागेल किंवा ती चूल निदान अंगणात हलवता येईल. पातेले डुगडुगत असेल तर ती नव्या चुलीच्या रचनेतली चूक आहे आणि ती बनवणाऱ्याला कळवली पाहिजे.