केप्लरचं समीकरण सोडवताना

म = इ − उ × साइन इ. लंबवर्तुळाकार कक्षेत ग्रह कुठे आहे, हे काढायचं हे समीकरण. म म्हणजे मीन अ‍ॅनोमली (सरासरी वेग धरून येणारा कोन), इ एक्सेंट्रिक अ‍ॅनोमली (कक्षेच्या केंद्रापाशी मोजलेला मदतीचा कोन, हाच शोधायचा), उ उत्केंद्रता (कक्षा किती लांबट आहे ते). म आधी रेडियनमध्ये आणा. नवख्यांचं गणित बहुतेकदा इथेच फसतं. मंगळाची उ ०.०९३४, म ३० अंश, म्हणजे ०.५२३६ धरा. इ चा पहिला अंदाज म + उ × साइन म = ०.५७०३. आता न्यूटनची पद्धत: (इ − उ × साइन इ − म) ला (१ − उ × कॉस इ) ने भागून आलेलं उत्तर इ मधून वजा करा. एकाच फेरीत ०.५७४३ मिळतं.

हॅलेच्या धूमकेतूची उ मात्र ०.९६७. उपसूर्याजवळ (कक्षेतल्या सूर्याच्या सर्वांत जवळच्या बिंदूपाशी) भाजक शून्याकडे झुकतो नि अंदाज भलतीकडे उडतो. तिथे सरळ ३.१४१६ पासून सुरुवात करा. फेऱ्या वाढतील, पण उत्तर हमखास सापडेल. ट्रू अ‍ॅनोमली (सूर्यापाशी मोजलेला खरा कोन) काढताना एटॅन२ हे कोन काढायचं फलनच वापरा, नाहीतर चरण (कोन चार चतुर्थांशांपैकी कुठल्या भागात आहे ते) चुकतो.