नाला बुजला, पाणी कपाशीत

प्रश्न : आमच्या कपाशीच्या खालच्या अंगाला नाला होता. यंदा एप्रिलात तिथे एन.ए.चे (बिगरशेतीचे) प्लॉट पडले. नाला मुरुमाने बुजवून दोन फुटी सिमेंटचा पाइप टाकला. जुलैच्या एका पावसात आमच्या रानात तीन दिवस पाणी तुंबलं, झाडांनी माना टाकल्या. प्लॉटवाले म्हणतात, पाऊसच जास्त झाला. काय करू? – एक शेतकरी, पाचोरा तालुका

उत्तर : भाऊ, पाटबंधाऱ्याच्या नोकरीत ‘पाऊस जास्त झाला’ हे मी फार ऐकलं. आपल्या काळ्या रानाला उन्हाळ्यात अशा भेगा पडतात की हात कोपरापर्यंत आत जातो. पहिले पाऊस त्याच पितात. त्याच जमिनीवर स्लॅब आणि डांबर आलं की काहीच मुरत नाही. एकरभर स्लॅबवर 50 मिलिमीटर पाऊस म्हणजे 2 लाख लिटर पाणी, आणि ते काही मिनिटांत पाइपाशी हजर. तुमचं पाणी सावकाश येतं, तोवर पाइप भरलेला. मग ते मागे तुंबणारच.

धुळ्याकडच्या पांझरा नदीवरच्या फडांना, म्हणजे बंधाऱ्याच्या पाटावर एकत्र भिजणाऱ्या शेतांना, जादा पाणी बाहेर काढायला सांडवे ठेवलेले असत. इथे होता तो नालाच बुजवला, याचा मला राग येतो.

आधी तहसील गाठा. मामलतदार न्यायालय अधिनियम, 1906च्या कलम 5 खाली शेतातल्या पाण्याचा नैसर्गिक प्रवाह अडवणारा बेकायदा अडथळा काढायचा आदेश तहसीलदार देऊ शकतात. मुदत मात्र 6 महिन्यांचीच, आणि एप्रिलपासून किती दिवस गेले ते मोजा. गाव नकाशा आणि लेआउटचा मंजूर नकाशा, दोन्हींच्या नकला काढा. मंजूर नकाशात नाला दाखवून जागेवर बुजवला असेल, तर तुमची बाजू भक्कम.

तडजोडीला बसलात तर शोषखड्ड्यावर राजी होऊ नका. काळी माती भिजून फुगली की पाणी घेत नाही. खड्डा खालच्या मुरुमापर्यंत गेला तरच काही उपयोग. नाला उघडा करून मागा. तेवढं जमत नसेल तर निदान तीन फुटी पाइप, तोही नाल्याच्या तळालाच. त्याच उतारावर तो दोन फुटीच्या जवळजवळ तिप्पट पाणी नेतो. शिवाय लेआउटमधली मोकळी जागा रस्त्यापेक्षा दीड फूट खोल ठेवायला सांगा, म्हणजे त्यांचं पाणी आधी तिथे थांबेल आणि हळूहळू सुटेल.

आजच बॅटरी घेऊन पाइपात डोकावा. अर्धा मुरुमाने भरलेला निघाला तर फोटो काढा. बांधावर कडुनिंबाचा खुंटा ठोका आणि पुढच्या पावसात पाणी जिथवर चढेल तिथे ऑइल पेंटने रेघ ओढून तारीख घाला. अर्जाला त्या खुंट्याचा फोटो जोडा.