लोंबती तुती वर का चढत नाही?

प्रश्न : बहिणीच्या अंगणात छत्रीसारखी लोंबणारी तुती आहे. तिच्या सहा काड्या रूटिंग पावडर लावून कुंडीत खोचल्या, चार जगल्या. आता दोन वर्षं झाली, पण रोपं गुडघ्याच्या वर उठत नाहीत. भोपळ्याच्या वेलासारखी जमिनीवर पसरतात. कुठे चुकलं? — एक वाचक, वाई

ताई, चुकलं काहीच नाही. सहातल्या चार जगल्या म्हणजे हात चांगला आहे तुमचा. फक्त या तुतीची फांदी निघाली की खालीच वळते. बहिणीच्या झाडाची उंची दुसऱ्याच तुतीची आहे. फांद्या सुटतात तिथे बुंध्यावर हात फिरवून बघा, गाठ लागेल. गाठीच्या खाली ताठ वाढणारा खुंट, वर लोंबत्या जातीचं कलम. अमेरिकेत मिसुरी राज्यातल्या कार्थेज गावी टीस नावाच्या रोपवाटिकावाल्याने १८८३ साली अशीच एक लोंबती तुती बाजारात आणली, ती आजही उंच खुंटावर बांधूनच विकतात.

खुंटासाठी रेशीमवाल्यांची व्ही-१ घ्या. म्हैसूरच्या रेशीम संशोधन संस्थेची ही जात, काडी सरळ आणि वाढ जोमदार. पेन्सिलीएवढी जाड, तीन-चार डोळ्यांची काडी पावसाळ्याच्या तोंडाला लावा, डोळे वरच्या बाजूला ठेवून. हिला पावडरही लागत नाही. एकच कोंब ठेवायचा, बांबूला बांधायचा आणि बाजूचे कोंब कोवळे असतानाच अंगठ्याने खुडायचे. खोड अंगठ्याएवढं जाड होईपर्यंत थांबा.

मग जानेवारीच्या शेवटी, पानं गळालेली आणि डोळे अजून झोपलेले असताना, बहिणीकडून गेल्या वर्षीच्या फांद्यांच्या काड्या आणा. ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवा. खुंटाचे डोळे फुगायला लागले की पाच फुटांवर आडवा काप घ्या. इथे घाई नको, कारण छत्रीची उंची त्याच कापावर ठरते, नंतर फारशी वाढत नाही. तुतीला पांढरा चीक येतो. मी तो ओल्या फडक्याने टिपते, थेंब थांबेपर्यंत वाट बघते आणि मगच खुंटाच्या मधोमध दीड इंच चीर देते. काडीला दोन्ही बाजूंनी तेवढीच लांब पाचर, एका ओढीत. पुन्हा पुन्हा तासलं की काप वेडावाकडा होतो आणि मध्ये फट राहते. सालीखालची हिरवी रेघ किमान एका बाजूला तरी खुंटाच्या रेघेला जुळलीच पाहिजे, कारण सांधा तिथेच धरतो. काडी बारीक असेल तर मधोमध न बसवता एका कडेला सरकवा. खुंट जाड असला तर दोन काड्या समोरासमोर बसवा, छत्री सगळीकडून भरते. सांध्यावर कलमाची पट्टी घट्ट ओढून बांधा आणि वरून पेप्सीकोल्याची रिकामी पिशवी चढवा. तीनेक आठवड्यांत डोळे हलले की पिशवी काढा. पट्टी मात्र सांधा भरून ती रुतायला लागेपर्यंत राहू द्या.

तुमची चार रोपं टाकू नका हं. एकीची जोमदार फांदी बांबूला बांधून पाच फूट वर नेली की तीसुद्धा पुढे छत्री करते, फक्त वेळ घेते. बाकीची गडग्यावर लावा, खाली छान लोंबतील.

प्रश्न : काड्यांना मुळं फुटावीत म्हणून आणलेली आयबीए पावडर पाण्यात विरघळत नाही. जास्त घातली तर काड्या खालून काळ्या पडतात. प्रमाण सांगाल का? — एक वाचक, नाशिक

आयबीए आधी अल्कोहोलमध्ये विरघळवायचं असतं. ०.२ ग्रॅम पावडर ५० मिलिलिटर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये पूर्ण मिसळली की ५० मिलिलिटर पाणी घाला. हे झालं २००० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत दोन हजार भाग. दादा, साध्या तुतीच्या जून काडीला एवढं भरपूर होतं. काडीचं खालचं टोक पाच सेकंद बुडवा, वाऱ्यावर कोरडं करा आणि लावा. रात्रभर भिजत ठेवायचं ते फार पातळ द्रावणात. या द्रावणात ठेवलं तर टोक जळतं. सुरुवातीला मीही जास्त औषध म्हणजे जास्त मुळ्या असं समजून तिप्पट केलं होतं. चाळीस काड्यांची टोकं काळी पडली आणि एकाही काडीचा डोळा फुटला नाही. द्रावण गडद बाटलीत, मुलांच्या हाताला लागणार नाही असं ठेवा.

प्रश्न : नागमोडी फांद्यांची तुतीही कलमानेच करायची का? — एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

नाही. तिच्या फांद्या वळणं घेत वरच जातात, त्यामुळे काडीला मुळं फुटली की झाड होतं. लोंबतीचं कलम करायचं असेल, तर तुमच्याकडे काड्या फेब्रुवारीत कापून फ्रिजमध्ये ठेवा आणि एप्रिलमध्ये बांधा. कलम जगल्यावरही खुंटावर, सांध्याच्या खाली, कोंब फुटत राहतात. ताठ उभा कोंब दिसला की त्याच दिवशी खुडा. एका उन्हाळ्यात तो छत्रीच्या डोक्यावरून पुढे जातो.