पन्नाशीनंतर पापण्या ओघळल्यात, लायनर दिसतच नाही आणि काजळ वर छापलं जातं, मेकअप कसा करायचा?

ताई, सगळ्यात आधी एक सवय बदला, डोळा मिटून किंवा पापणी ओढून मेकअप करू नका. आरसा नजरेसमोर सरळ धरा, भुवया न उचलता समोर बघा आणि उघड्या डोळ्यात जे दिसतं तिथेच रंग लावा, कारण मिटल्यावर सुंदर दिसणारी शेड डोळा उघडला की पापणीच्या घडीत लपून जाते. मॅट ब्राऊन शेड खऱ्या घडीच्या थोडी वर, हाडाच्या कडेजवळ लावून वरच्या बाजूला ब्लेंड करा. चमकीवाली शेड लोंबलेल्या भागावर अजिबात नको, तो भाग अजून फुगीर दिसतो आणि सुरकुत्याही उठून दिसतात, हवीच तर आतल्या कोपऱ्यात जराशी लावा.

जाड लायनर सोडून द्या खरंच, वरच्या पापणीच्या केसांच्या मुळाशी ब्राऊन वॉटरप्रूफ पेन्सिल नुसती टेकवत न्या, पापणीची जागा खात नाही आणि केस दाट वाटतात. छापलं जाण्याचं कारण म्हणजे कातडी कातडीला घासते आणि त्यात तेल असतं, म्हणून पापणीवर आधी प्रायमर (मेकअपखाली लावायचा बेस), वर थोडी पावडर. आधी पापणीचे केस कर्ल करा, मग ट्यूबिंग मस्कारा (प्रत्येक केसाभोवती नळीसारखा थर बसवणारा) घ्या, तो पसरत नाही आणि कोमट पाण्याने निघतो, डोळे चोळावे लागत नाहीत.

आणि हो, एकच पापणी अचानक खाली आली असेल तर मेकअप राहू दे, लगेच डॉक्टरांकडे जा.